लेकीला आणायला महुआडाँडला

लेक गेल्या वर्षी पदवी घेऊन थेट झारखंडला गेली, लातेहार जिल्ह्यात महुआडाँडजवळच्या एका मिशन शाळेत वर्षभर शिकवायला. राहायला मुलींच्या वसतिगृहात, जेवण सिस्टरांबरोबर, पगार म्हणाल तर साबण-तेलापुरता. मार्चअखेर तिकडचं शाळेचं वर्ष संपतं, तसं तिचंही संपणार होतं. "मी येईन एकटी, पप्पा," असं ती तीनतीनदा म्हणाली. तरी मी निघालो.

निघण्याचं कारण सामान नव्हतं. तिचे तिकडे परीक्षेचे पेपर तपासून व्हायचे होते आणि इकडे वसईत सगळ्यांनी तिचं पुढचं ठरवून टाकलं होतं. पॅरिश कौन्सिलच्या एकांचा फोन आला: आल्याच्या पहिल्या रविवारी मिस्सेनंतर तिचं अनुभवकथन, शाल, फळांची परडी. मामीनं दुबईच्या नोकरीची जाहिरात पाठवली. शेजारी म्हणाले, आता स्थळं बघायला घ्या. मला एवढंच वाटत होतं, की कुणी तिला हिशेब विचारण्याआधी तिनं स्वतः देवासमोर बसून हे वर्ष एकदा उलगडून बघावं. तरुणपणी जेझुइट, म्हणजे संत इग्नेशियस यांच्या संघातल्या, फादरांच्या हाताखाली आठ दिवसांचा रिट्रीट, म्हणजे एकांतातली प्रार्थना, मी केला आहे. त्यातलं बाकी फारसं टिकलं नाही, पण रात्री दिवस तपासून मगच झोपायचं, ही सवय टिकली.

बायको म्हणाली, विमानानं आण, पोरगी दमली असेल. मी म्हटलं, विमानात कोण बोलतं? गाडीनंच आणतो.

शनिवार : गाडीत

लोकमान्य टिळक टर्मिनसवरून सुटलेली गाडी भुसावळ, नागपूर, बिलासपूर करत जाते. त्यात सांगण्यासारखं फार नाही, उन्हाळ्याची सुरुवात आणि खिडकीबाहेर पळस. पिशवीत सुकेळी होती, घरच्या राजेळी केळ्यांची, सोपटात बांधलेली. ती लेकीसाठी होती, पण एक पुडकं डब्यातच सुटलं, कारण समोर झारखंडातल्या सिमडेग्याचे चार तरुण बसले होते. कामाला कुठे, तर नायगावला. आमच्याच तालुक्यात उभ्या राहणाऱ्या इमारतींवर. सरहुलच्या सणाला घरी निघाले होते. मी महुआडाँडला चाललोय म्हटल्यावर त्यातला एक हसला. "अंकल, उधर से तो लोग निकलते हैं. आप जा रहे हैं?"

रविवार : रांची

पहाटे उतरलो, खोलीवर पिशवी टाकली आणि सेंट मेरीज कॅथेड्रल गाठलं. १९०९ साली बांधलेलं हे चर्च पुरुलिया रोडवर आहे. त्या रस्त्याला आता कामिल बुल्के यांचं नाव दिलंय. बुल्के बेल्जियमचे जेझुइट. रामकथेचे अभ्यासक. ते इथल्याच मनरेसा हाऊसमध्ये राहिले आणि इथंच त्यांनी इंग्रजी-हिंदी शब्दकोशाचं काम केलं. मनरेसा म्हणजे स्पेनमधलं ते गाव, जिथं १५२२ मध्ये जखमेतून बरे झालेले इग्नेशियस लोयोला जवळजवळ वर्षभर राहिले आणि आपल्या मनात काय चाललंय ते नीट बघायला शिकले. फाटकाशी उभं राहून पाटी वाचली. आत कुणाला त्रास दिला नाही.

मिस्सा हिंदीतून, गीतांना मांदरची साथ. मांदर म्हणजे आपल्या मृदंगाच्या घराण्यातला, मातीच्या खोडाचा. बायका लाल काठाच्या पांढऱ्या साड्यांत. ईस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ चालू होता, त्यामुळे फुलं नव्हती, पण त्या साड्यांनी चर्च भरून गेलं होतं.

इथं बेल्जियन जेझुइट मिशनरी कॉन्स्टंट लीवन्स यांच्या अस्थी आहेत. हा माणूस १८८५ मध्ये छोटानागपुरात, म्हणजे या रांचीच्या पठारावर, आला आणि त्याला आधी काय कळलं, तर जमीनदार आणि सावकार कोर्टात आदिवासींना नागवतात. म्हणून तो जमिनीचे कायदे शिकला, लोकांचे खटले समजून घेऊ लागला. क्षयानं पोखरला तेव्हा १८९२ मध्ये त्याला बेल्जियमला परत जावं लागलं. पुढच्या वर्षी तो तिकडेच वारला, वय ३७. अस्थी रांचीला आल्या त्या १९९३ मध्ये, म्हणजे शंभर वर्षांनी. आमच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया तर परत आलेच नाहीत. पोरवयात जपानला गेले आणि १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर गेले. गासच्या चर्चला त्यांचं नाव आहे. आमच्याकडे जाणाऱ्यांची गाणी भरपूर. परत येणाऱ्यांचं काय करायचं, याची मात्र फारशी रीत नाही. शाल आणि परडी, बस.

बाहेर धुस्का खाल्ला: तांदूळ आणि डाळीच्या वाटणाचा तळलेला फुगीर वडा, सोबत चणे-बटाट्याचा रस्सा. एका प्लेटवर थांबणं कठीण.

जाणाऱ्यांसाठी: लोहरदगा, महुआडाँडकडच्या बस आयटीआय बसस्टँडवरून सुटतात. सकाळची पकडा, कारण दुपारनंतर त्या बाजूची वाहनं आटतात आणि अंधार पडल्यावर घाटात काही मिळत नाही. रोख रक्कम रांचीतच काढून घ्या.

सोमवार : घाट

लोहरदग्यापर्यंत रस्ता चांगला. पुढे बॉक्साइटचे ट्रक लागतात आणि सगळंच लाल होतं: झाडं, घरांच्या भिंती, माझा सदरा. बनारीनंतर घाट सुरू झाला आणि सालवृक्ष फुललेला दिसला. मी साल आयुष्यात पहिल्यांदा फुललेला बघत होतो. पानांच्या वर मळकट पांढऱ्या तुऱ्यांची दाट साय, आणि वास इतका मंद की बस थांबली तेव्हाच जाणवला. नेतरहाट मागे टाकून बस महुआडाँडच्या खोऱ्यात उतरली. चारी बाजूंनी डोंगर, मध्ये भातखाचरं, आता कोरडी.

लेक स्टँडवर आली होती. वाळली होती, रापली होती. जीपवाल्याशी सादरीत, म्हणजे तिकडच्या बोलीत, हुज्जत घालून तिनं भाडं वीस रुपयांनी कमी केलं, तेव्हा ही आपलीच का, असं वाटलं. घरी भाजीवाल्याशी बोलायलासुद्धा ती आईला पुढे करायची.

शाळेच्या दारात मुली ओळीनं उभ्या. एकीनं लोट्यातून माझ्या हातांवर पाणी घातलं, दुसरीनं टॉवेल दिला, बाकीच्या गात गात, हातात हात गुंफून मागे-पुढे पावलं टाकत आत घेऊन गेल्या. वसईत फादर बदलून येतात तेव्हा आम्ही बँड लावतो. हे बरं.

मंगळवार ते गुरुवार : महुआ

पहाटे चारला वसतिगृहाची स्वयंपाकीण मौसी टोपली घेऊन निघाली, तिच्यामागे लेक, तिच्यामागे मी. महुआ, म्हणजे आपला मोह, रात्रभर गळतो, उजाडायच्या आत वेचायचा, नाहीतर गुरं आणि ऊन दोघंही नासाडी करतात. झाडाखालचा पालापाचोळा आधीच जाळून जमीन काळी केलेली असते. त्यावर फिकट पिवळी फुलं टॉर्चशिवायही दिसतात. मऊ, गरगरीत, बोटांना चिकटणारी, द्राक्षासारखी. वरून एकेक पडत असतं, टप, टप, कधी डोक्यावर. मी शेजारच्या झाडाखाली वळलो तर मौसीनं हाक मारून परत बोलावलं. ते झाड दुसऱ्या घराचं. जंगल सगळ्यांचं असलं तरी महुआ कुणाचा ते गावाला पाठ असतं.

उजाडेपर्यंत लेकीची टोपली भरली होती, माझी निम्मी. मौसीनं कमरेवर हात ठेवून दोन्ही टोपल्या बघितल्या आणि लेकीला सादरीत काहीतरी म्हणाली. दोघी खूप हसल्या. मला सांगितलं नाही.

जेवणात माडझोर, म्हणजे भाताच्या पेजेत शिजवलेली पालेभाजी. मडुआची, आपल्या नाचणीची, रोटी. आणि फुटकल, उंबराच्या कुळातल्या एका झाडाची कोवळी आंबट पानं. एके दिवशी लाल मुंग्यांची चटणी आली. आंबट, झणझणीत, लिंबाची गरज नाही. मी दोनदा मागून घेतली, तेव्हा सिस्टरांनी माझ्याकडे आदरानं बघितलं.

आणि माझं काम? ते काही पुढे सरकेना. रोज संध्याकाळी अंगणात बसलो की मी विषय काढायचो. म्हटलं, बाय, निघायच्या आधी एकदा निवांत बस. मी शिकवलंय तसं: आधी उपकार मान, मग उजेड माग, मग दिवसांवरून शांतपणे हात फिरव, जिथं टोचतं तिथं थांब, क्षमा माग, आणि उद्याचं देवाच्या हाती दे. ती ऐकून घ्यायची. बुधवारी म्हणाली, "पप्पा, एकशे चाळीस मुलींचे निकाल लिहायचेत. मला चिंतन नको, झोप हवी."

नेटवर्कबद्दल: गावात एखादीच कंपनी चालते, तीही टेकाडावर. घरच्यांना आधीच सांगून ठेवा. संध्याकाळी गारवा पडतो, मार्चमध्येही स्वेटर लागतो. आणि कुणाच्या घरी जाणार असाल तर "जोहार" म्हणा, ख्रिस्ती घर असेल तर "जय येसु". दोन्ही चालतं.

शुक्रवार : क्रुसाची वाट

संध्याकाळी क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या दुःखसहनाची थांबत थांबत करायची प्रार्थना, गावातून निघाली, शाळेपासून टेकडीपर्यंत. चौदा थांबे चौदा झाडांखाली. क्रूस मुलींनी आळीपाळीनं उचलला, सालाच्या दोन ओंडक्यांचा, चांगला जड. नवव्या थांब्याला, येशू तिसऱ्यांदा पडतो तिथं, तो माझ्या लेकीच्या खांद्यावर होता. वाचन एका आठवीतल्या मुलीनं केलं आणि मध्येच तिनं एक नाव घेतलं, वर्गातल्या एका मुलीचं, तिच्यासाठी प्रार्थना करा म्हणाली. लेकीनं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

नंतर सिस्टरांकडून कळलं. ती मुलगी पावसाळ्यानंतर शाळेत आलीच नाही. ओळखीच्या एका बाईबरोबर दिल्लीला घरकामाला गेली. वय तेरा. या पट्ट्यातून असं खूप होतं. लेक दोनदा तिच्या घरी चालत गेली होती, पोलिसांतही जाऊन आली. पत्ता लागला नाही. फोनवर आम्हाला यातलं एक अक्षर तिनं सांगितलं नव्हतं. आम्हाला सांगायची ती हत्ती कुठे आले आणि भाजीला काय होतं.

रात्री मी फादरांकडे गेलो. सत्तरी ओलांडलेले उराँव आदिवासी जेझुइट, अंगणात खाटेवर बसून रेडिओ ऐकत होते. मी म्हटलं, फादर, तुम्ही तरी तिला सांगा, हे आत ठेवून जाऊ नकोस, प्रार्थनेत मांड. ते जरा वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, एलिया संदेष्टा रानात झुडपाखाली पडला आणि म्हणाला, प्रभू, आता पुरे, माझा प्राण घे. तेव्हा देवदूतानं पहिल्यांदा काय केलं? मला आठवेना. "रोटी दी. पानी दिया. फिर सोने दिया. फिर रोटी दी. पहाड़ पर तो बाद में बुलाया." आणि रेडिओ पुन्हा मोठा केला.

शनिवार : लोध आणि नेतरहाट

निरोपाचं फार लिहीत नाही. मुली रडल्या, मौसीनं सुकवलेल्या महुआची पुरचुंडी लेकीच्या पिशवीत कोंबली, जीप सुटली.

लोध धबधबा महुआडाँडपासून पंधरा-सोळा किलोमीटर. बूढ़ा नदीचा, म्हणून बूढ़ा घाघही म्हणतात. उंची १४३ मीटर, झारखंडातला सगळ्यांत उंच. मार्चमध्ये पाणी बारीक होतं, पण त्यामुळे मागचा काळा कडा टप्प्याटप्प्यानं पूर्ण दिसतो; पावसाळ्यात म्हणे नुसता धूर. खाली डोहाशी जायचं तर खडक बुळबुळीत आहेत, चपला काढून ठेवा. आम्ही दोघं तासभर बसलो. मी एक शब्द बोललो नाही. तिनं सुकेळ्यांचं दुसरं पुडकं सोडलं आणि जवळजवळ सगळं एकटीनं संपवलं. मग सपाट खडकावर ओढणी डोक्याखाली घेऊन चक्क झोपली.

वाटेत लांडग्यांच्या अभयारण्याची पाटी लागते. महुआडाँडचं हे अभयारण्य १९७६ पासून आहे, खास लांडग्यांसाठी. लांडगा दिसत नाही, दिसावा अशी अपेक्षाही ठेवू नये. पुढे टुटुवापानीच्या फाट्यावर जीपवाला आपणहून थांबला. १९९४ च्या मार्चमध्ये लष्कराच्या गोळीबार सरावाच्या गाड्या याच ठिकाणी लोकांनी रस्त्यात बसून अडवल्या. गावं उठवायचा बेत होता. तेव्हापासून दरवर्षी मार्चच्या २२ आणि २३ तारखेला लोक इथं जमतात. सराव क्षेत्राची मुदत पुढे वाढवायची नाही असं सरकारनं सांगितलं ते २०२२ मध्ये. जीपवाला म्हणाला, गाड्या अडवल्या त्या वर्षी मी आईच्या पाठीवर होतो.

नेतरहाटला मुक्काम. पाइन, नाशपातीच्या बागा, १९५४ पासूनची नामांकित निवासी शाळा आणि बऱ्यापैकी थंडी. सूर्यास्ताला मॅग्नोलिया पॉइंटवर झुंबड असते, सेल्फीवाल्यांच्या डोक्यांमधून सूर्य शोधावा लागतो. त्यापेक्षा पहाटे कोयल नदीच्या बाजूचा पॉइंट बघा. शनिवार-रविवारी खोली आधी सांगून ठेवा, आम्हाला शेवटची मिळाली.

परतीची गाडी

रांचीत गाडीत बसल्या बसल्या लेक वरच्या बर्थवर चढली आणि राउरकेला, झारसुगुडा, सगळं झोपेत गेलं. बायकोचा फोन: "बोलली का काही?" म्हटलं, घोरतेय.

दुसऱ्या दिवशी गोंदियाच्या आसपास ती खाली आली, चहा घेतला आणि खिडकीतून बघतच म्हणाली, "तुमचं ते पहिलं काय होतं? उपकार?"

मग तिनं सुरू केलं. क्रम माझा नव्हता, तिचाच होता. मौसी. वर्गातली एक मुंडा मुलगी, जी सहा महिने तोंड उघडत नव्हती आणि एके दिवशी उभी राहून अख्खा पाढा म्हणाली. पहिल्या पावसात छप्पर गळायला लागलं तेव्हा एका पलंगावर पाच जणी झोपल्या ती रात्र. वेचलेला महुआ. नागपूर येईपर्यंत हेच चाललं होतं. मी मध्ये फक्त चहावाल्याला थांबवलं.

नागपूरनंतर ती गप्प झाली. मग म्हणाली, ऑक्टोबरपासून मी प्रार्थना केलेली नाही, पप्पा. चर्चला जायचे, गायचे, मुलींना शिकवायचे, पण आत काही नव्हतं. कोरडं. ती मुलगी गेली आणि मला वाटलं, मी इथं कशाला आले? आणि तुम्ही रोज संध्याकाळी उपकार माना म्हणत होता, तेव्हा तुमचा राग येत होता.

देवाची इच्छा, असं एक वाक्य आमच्याकडे तयार असतं. मयतीला, नापास झाल्यावर, सगळीकडे चालतं. ते जिभेवर आलं होतं, गिळलं. इग्नेशियस यांनी एक नियम लिहून ठेवलाय, तो सांगितला: मन कोरडं पडलेलं असतं तेव्हा आधी उजेडात घेतलेला निर्णय बदलू नये, आणि नवा मोठा निर्णयही घेऊ नये. कोरडेपणा त्यांनाही माहीत होता, म्हणून तर नियम लिहिला. तिनं विचारलं, म्हणजे दुबईला काही कळवू नको? म्हटलं, दुबईला नको, मामीलाही नको. आणि तू मागे वळून बघितलंस ना, तर त्या मुलीच्या घरी दोनदा चालत गेलीस तेही बघ. किती लांब होतं?

"अकरा किलोमीटर. एका बाजूनं."

"पावसात?"

"दुसऱ्यांदा पावसात."

"मग ती अकरा किलोमीटर कोरडी होती का, ते जरा बघ."

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. पटलं असं म्हणाली नाही. वही काढली, काहीतरी लिहिलं, मला दाखवलं नाही, मी मागितलं नाही. अकोल्याला रात्रीचं जेवण घेतलं. त्या मुलीचं नाव मात्र तिनं मला सांगितलं आणि म्हणाली, घरी रोझरीला हे नाव घ्यायचं, रोज, सापडेपर्यंत.

वसईकरांसाठी शेवटची सूचना: लांबच्या गाडीनं कुर्ल्यापर्यंत जाऊ नका. कल्याणला उतरा, लोकलनं दिवा, तिथून वसई रोडची मेमू. फेऱ्या थोड्या आहेत, वेळ आधी बघून ठेवा.

कसाऱ्याजवळ पॅरिश कौन्सिलचा फोन आला. पत्रिका छापायला टाकायची आहे, भाषणाचा विषय काय लिहू? मी काही म्हणायच्या आत लेकीनं फोन ओढून घेतला. "अंकल, ईस्टरनंतर ठेवा. त्याआधी मी वांद्र्याला रिट्रीटला जातेय, आठ दिवस. आणि शाल नको, माझ्या शाळेचं छप्पर गळतं, त्याचे पत्रे किती लागतात ते मी लिहून देते."

रिट्रीटचं मला तेव्हाच कळलं. पत्र्यांचा आकडा तिच्या वहीत आधीच होता.